कॉव्हेंट्रीच्या सरांना कसं विचारणार?

हीथ्रोच्या काउंटरवरच्या अधिकाऱ्याने पासपोर्ट चाळला आणि कशासाठी आलात, असं विचारलं. वार्ताहर आहे, लेख लिहायचे आहेत, असं मी सांगितलं.

"कशावर?"

"डॉक्टरांवर."

"आमच्या की तुमच्या?"

तो हसत नव्हता. मी म्हटलं, तेच पाहायला आले आहे. त्याने माझ्याकडे पुन्हा एकदा पाहिलं, परतीचं तिकीट मागितलं, तारीख वाचली आणि मग शिक्का मारला.

२००६ साल संपत आलं होतं. त्या वर्षीच्या वसंतात ब्रिटिश सरकारने एक नियम बदलला होता. तोवर आपल्याकडून गेलेल्या डॉक्टरला तिथल्या सरकारी रुग्णालयात प्रशिक्षणाची जागा मिळाली, की वर्क परमिट लागत नसे. आता लागू लागलं, आणि ते काढण्याआधी रुग्णालयाला दाखवून द्यावं लागणार होतं की ब्रिटनचा किंवा युरोपचा लायक उमेदवार मिळाला नाही. बदल काही आठवड्यांच्या सूचनेने आला. बेमुदत राहण्याची परवानगी पूर्वी चार वर्षांनी मागता येई, ती मुदतही त्याच सुमारास पाच वर्षांची झाली. आपल्याकडे बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट आणखी वेगळी होती. प्रशिक्षणाच्या व्हिसावर काढलेली वर्षं या मुदतीत धरतच नाहीत. माणूस सहा वर्षं तिथे राबला तरी कागदावर तो अजून आलेलाच नसतो.

पुण्याच्या आमच्या कचेरीत पालकांचे फोन येत होते. मुलगा काही नीट सांगत नाही, तिथे नक्की काय चाललं आहे, असं ते विचारत. तेवढ्यासाठी मला पाठवलं होतं.

पहिला मुक्काम उत्तर लंडनमध्ये एजवेअरला, नलिनीकाकूंकडे. काकू माझ्या आईच्या शाळेतल्या मैत्रीण. त्यांचे यजमान साठच्या दशकात इथे आले, जीपी (वस्तीतला नेमून दिलेला डॉक्टर) झाले आणि पाच वर्षांपूर्वी वारले. घरासमोरच्या फरसबंदीवर अजून त्यांच्याच गाडीची जागा मोकळी ठेवलेली होती. काकूंनी पोहे केले. शेंगदाणे गुजराती दुकानातले, लिंबू बाटलीतलं, आणि वर फ्रीझरमधला खोबऱ्याचा कीस. पोहे चांगले झाले होते.

"ह्यांना तर बोलावून घेतलं होतं," काकू म्हणाल्या. "विमानतळावर छातीचा एक्स-रे पाहिला आणि आत सोडलं. कायमचं राहणार का, हे ह्यांना कुणी विचारलं नाही आणि ह्यांनीही कुणाला विचारलं नाही. एक दिवस लक्षात आलं, की अरे, आपण राहिलोच आहोत."

त्यांची नात माया शाळेच्या गणवेशात टोस्ट खात उभी होती. जन्म इथलाच. ती म्हणाली, "पण आजी, डॉक्टर लोक तर पाहिजे आहेत ना? आमच्या जीपीचा अपॉइंटमेंट पण मिळत नाही."

"पाहिजे आहेत ग. राहायला नको आहेत," काकू म्हणाल्या.

पुढच्या प्रवासाबद्दल त्यांनी मला एक सूचना दिली. "तुला कुणी खरं सांगणार नाही. ही इथली डॉक्टरकीची परीक्षा द्यायला आलेली मुलं आमच्याकडे जेवायला यायची. चौघं एका खोलीत राहणार, एकाच पातेल्यातलं खाणार. मुलाखतीचं बोलावणं आलं की त्यांतला एक सकाळी गुळगुळीत दाढी करून, लायब्ररीत जातो म्हणून बाहेर पडायचा. पायात चकचकीत बूट. लायब्ररीत कोण असं जातं? बाकीचे तिघं गप्प बसायचे. त्यांनीही ती लायब्ररी पाहिलेली असायची."

"का लपवायचे?"

"एका जागेला सगळेच अर्ज करतात, म्हणून. आणि झाल्याशिवाय सांगू नये, हे आपलं आहेच. डॉक्टर माणसाबरोबर मी चाळीस वर्षं काढली. आजार सोडून बाकी सगळं लपवतात. कधीकधी आजारही."

लंडनच्या यूस्टन स्टेशनहून कॉव्हेंट्रीच्या गाडीत शेजारी पुण्याचा एक सॉफ्टवेअर इंजिनिअर बसला होता. नोकरी ब्रॅकनेलला, त्या दिवशी कंपनीच्या कामाने बर्मिंगहॅमला निघालेला. कोथरूडचा आहे हे त्याने आधी सांगितलं, नाव नंतर. व्हिसाची त्याला काही अडचण नव्हती. "आमचं सिम्पल आहे हो. कंपनीने वर्क परमिट काढलं, पहिल्या दिवसापासून क्लॉक सुरू. अजून दोन वर्षं, मग इनडेफिनिट." इनडेफिनिट म्हणजे बेमुदत राहण्याची परवानगी, तिकडचे मराठी लोक तिला नुसतं एवढंच म्हणतात. त्याच्या सोसायटीतला एक डॉक्टर त्याच्या आधी तीन वर्षं आलेला होता आणि त्याचं क्लॉक अजून सुरू झालेलं नव्हतं. "पण तो आम्हाला सांगत नाही ना काही. आम्ही पार्टीला विचारलं, तर म्हणाला, प्रोसेसमध्ये आहे."

खिडकीबाहेर सपाट, ओली शेतं होती. मेंढ्या रुळाकडे पाठ करून उभ्या होत्या.

कॉव्हेंट्री स्टेशनवर डॉ. हेमंत निखाडे न्यायला आला होता. त्याच्या वडिलांनीच नागपूरहून आमच्या कचेरीत फोन केला होता आणि त्याचा नंबर दिला होता. उंच, सडपातळ, तिशी ओलांडलेला. त्याने माझं कार्ड मागितलं, दोन्ही बाजूंनी वाचलं आणि खिशात ठेवलं.

"नाव येणार नाही ना?"

"नाही."

"कॉलेजचंही नको."

म्हणून इथे एकही नाव खरं नाही. कॉव्हेंट्री मात्र खरी आहे.

हेमंत भूलतज्ज्ञ होण्याचं प्रशिक्षण घेत होता. त्याचं रुग्णालय कॉव्हेंट्रीपासून अर्ध्या तासावरच्या गावात होतं आणि राहणं रुग्णालयाच्या क्वार्टरमध्ये. खिडकीतून धुलाईघराची चिमणी दिसत होती. गालिच्याला आधीच्या भाडेकरूंच्या सिगारेटचा वास होता. त्याची बायको रूपाली नागपूरला दातांची डॉक्टर होती. इथे तिला परीक्षा दिल्याशिवाय काम करता येत नव्हतं आणि परीक्षेचा खर्च पुढे ढकलला जात होता. मुलगी इरा नर्सरीत जात होती. रूपालीने चहा ठेवला आणि पहिलाच प्रश्न विचारला.

"तुम्ही घरोटे सरांच्या ओळखीच्या आहात का?"

"नाही."

"बरं झालं."

हेमंतने तिच्याकडे पाहिलं. ती कप मांडत राहिली.

पेच त्यांनी त्या संध्याकाळी सांगितला. हेमंतची प्रशिक्षणाची जागा फेब्रुवारीत संपत होती. पूर्व किनाऱ्यावरच्या एका लहान गावातल्या रुग्णालयाने त्याला स्टाफ ग्रेडची नोकरी देऊ केली होती. स्टाफ ग्रेड म्हणजे कन्सल्टंटच्या (विभागातल्या सर्वांत वरच्या, स्वतंत्र जबाबदारीच्या डॉक्टरच्या) हाताखाली काम करणारा डॉक्टर. काम तेच, पगार बरा, पण शिकवणी नाही आणि वरची पायरी नाही. त्या गावात डॉक्टर टिकत नसत, त्यामुळे रुग्णालय वर्क परमिट काढून देणार होतं. सोमवारी उत्तर द्यायचं होतं.

"घेतली तर त्या दिवसापासून पाच वर्षं मोजायची आणि इनडेफिनिट," हेमंत म्हणाला. "पण ट्रेनिंग संपलं. ज्यासाठी आलो ते राहूनच गेलं. नाही घेतली तर पुन्हा ट्रेनिंगला अर्ज करायचा, युरोपातले सगळे संपले की आमचा नंबर. नंबर नाही लागला तर नागपूर."

"इराची शाळा," रूपाली म्हणाली.

"हो. इराची शाळा."

दोन वर्षांपूर्वी तिसरी वाट होती. उच्च कौशल्याच्या लोकांसाठी एक वेगळा व्हिसा होता. हेमंतच्या वर्गातल्या दोघांनी तो तेव्हाच घेतला. त्यावर प्रशिक्षणही चालू राहत होतं आणि वर्षंही मोजली जात होती. हेमंतने घेतला नाही. आता त्या व्हिसाचे निकष नेमके मी गेले त्या महिन्यात पुन्हा बदलत होते आणि मागच्या मिळकतीच्या अटीत तो बसत नव्हता.

"का घेतला नाही?"

"सर म्हणाले, काही गरज नाही. ट्रेनिंग चालू आहे ना, मग पैसे कशाला घालवतोस."

सर म्हणजे डॉ. विलास घरोटे. हेमंतच्याच कॉलेजचे, बरीच वर्षं सीनिअर. कॉव्हेंट्रीच्या बाजूच्या एका रुग्णालयात हाडांच्या शस्त्रक्रिया विभागात कन्सल्टंट. नागपुरात सगळे असंच सांगत, हेमंतच्या वडिलांनीही मला फोनवर तसंच सांगितलं होतं. स्वतःचं घर, ब्रिटिश पासपोर्ट. त्या कॉलेजचा जो कुणी इंग्लंडला येई तो आधी सरांकडे उतरे. आता या नोकरीबद्दलही सरांचं मत आलं होतं: ट्रेनिंग सोडू नको.

मी विचारलं, "सरांना स्वतःला इनडेफिनिट कशावर मिळालं?"

"मिळालं. त्यांच्या वेळी मिळत होतं."

"कुठल्या व्हिसावर?"

हेमंतने जरा विचार केला. "ते मी विचारलं नाही."

"तुम्हाला वाटलं नाही विचारावं?"

"सर आहेत ते, मॅडम." मला समजलं नाही असं पाहून तो म्हणाला, "आमच्या हॉस्टेलला नियम होता. पहिल्या वर्षाच्या मुलासमोर सीनिअर आला, की त्याने आपल्या शर्टाच्या तिसऱ्या बटणाकडे बघायचं. वर नाही बघायचं. मला तेव्हा टायफॉइड झाला होता. सरांनी मला त्यांच्या खोलीत ठेवलं. स्वतः खाली झोपले. इथे आलो तेव्हाही दोन महिने त्यांच्याच घरी होतो. त्यांना काय विचारून राहिलो मी, तुमचा व्हिसा कोणता?"

"मी म्हणते, हा प्रश्न मी विचारते," रूपाली म्हणाली, "तर म्हणे, तू बोलू नको."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. दुपारी हेमंतने मला रुग्णालयाच्या कँटीनमध्ये बोलावलं. भाजलेला बटाटा, त्यात शिजवलेल्या घेवड्याच्या बिया आणि वर किसलेलं चीज. हे तिथलं रोजचं जेवण. त्याच्या कामाबद्दल तो मोकळेपणाने बोलला.

"भूल देण्याआधी पेशंट खोटं बोलतो, असं धरूनच मी चालतो. काही खाल्लं का, विचारलं की नाही म्हणतात. मग मी दुसरं काहीतरी बोलतो आणि पुन्हा विचारतो, चहाबरोबर बिस्किट कोणतं आवडतं? म्हणतात, आज सकाळचं जिंजरचं होतं. ऑपरेशन पुढे. पोटात अन्न असताना भूल दिली तर ते छातीत जातं आणि माणूस मरतो. म्हणून प्रत्येक प्रश्न दोनदा, वेगळ्या शब्दांत. राणी आली तरी."

"सर आले तर?"

तो बटाट्याकडे पाहत म्हणाला, "सरांना भूल द्यायची वेळ आली नाही अजून."

आमच्या कचेरीत एक जुना शिरस्ता आहे. माणसाचं नाव आणि हुद्दा त्याच्या किंवा त्याच्या ओळखीच्यांच्या तोंडून घ्यायचा नाही. जिथे काम करतो तिथून घ्यायचा. नाव छापायचं नसलं तरी. शनिवारी सकाळी गावातल्या फोनबूथमधून मी घरोटे सरांच्या रुग्णालयाच्या स्विचबोर्डला फोन लावला. बूथची काच फुटलेली होती आणि पावसाचं पाणी पायावर येत होतं. मी म्हटलं, कन्सल्टंट श्री. घरोटे यांचं स्पेलिंग आणि विभाग हवा आहे.

फोनवरच्या बाईंनी स्पेलिंग सांगितलं. विभाग सांगितला. मग म्हणाल्या, "पण ते कन्सल्टंट नाहीत हो. स्टाफ ग्रेड आहेत. तुम्हाला त्यांच्या कन्सल्टंटचं नाव हवंय का?"

मी आभार मानून फोन ठेवला.

इतकी वर्षं एका माणसाने आपला हुद्दा लपवला, एवढंच असतं तर तो त्याचा प्रश्न होता. पण हेमंत ज्याच्या सल्ल्यावर चालला होता, तो माणूस स्वतः त्याच नोकरीत होता, जी घेऊ नको असं तो सांगत होता. मग त्याला इनडेफिनिट त्या नोकरीवरच मिळालं असणार. म्हणजे प्रशिक्षणाची वर्षं धरत नाहीत, हे त्याला माहीत असणार. आणि दोन वर्षांपूर्वी माहीत असूनही त्याने हेमंतला त्या व्हिसापासून परत फिरवलं. यात चूक दिसत नव्हती. हेतू दिसत होता. धाकट्याने पुढे जाऊ नये, हा एक हेतू मला सुचला. हाताखाली कुणीतरी असावं, हा दुसरा. घरी परतल्यावर हेमंतने विचारलं, फोन लागला का? मी म्हटलं, लागला. आणखी काही सांगितलं नाही. ज्याच्याबद्दल माहिती आहे त्याला आधी विचारायचं, हाही आमच्याकडचा शिरस्ताच आहे. रविवारी सरांकडे जेवण होतं.

कॉव्हेंट्रीतलं सरांचं घर लाल विटांचं, एका रांगेतल्या अनेक घरांसारखंच. शेजारी पंजाबी कुटुंब. त्यांच्या दारापुढे चपलांचा ढीग आणि आतून ढोलकीचा आवाज येत होता. सरांची पत्नी माहेरी नागपूरला गेली होती, मुलगा शाळेच्या सहलीला. सर स्वतः स्वयंपाक करत होते. चाळिशी ओलांडलेले, भरदार, आवाज अगदी हलका. सावजी मटण (विदर्भातलं काळ्या मसाल्याचं जहाल मटण) शिजत होतं आणि बाजूला गोळाभात (डाळीच्या पिठाचे गोळे घालून केलेला भात). फोडणी पडली आणि छताला लावलेला धुराच्या सूचनेचा भोंगा वाजू लागला. सर शांतपणे स्टुलावर चढले आणि टॉवेलने वारा घालू लागले.

"दर रविवारी वाजतो," ते म्हणाले. "शेजारी समजतात, की जेवण झालं."

हेमंत, रूपाली आणि इरा बाहेरच्या खोलीत होते. मी स्वयंपाकघरात थांबले.

"डॉक्टर, काल मी तुमच्या रुग्णालयात फोन केला होता."

त्यांचा हात थांबला नाही. "काय म्हणाले?"

"तुमच्या कन्सल्टंटचं नाव हवंय का, असं विचारलं."

ते स्टुलावरून उतरले. "चांगला माणूस आहे," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान."

भोंगा थांबला होता. त्यांनी खिडकी लावली.

"छापणार?"

"नाव छापणार नाही. पण हेमंतला उद्या उत्तर द्यायचं आहे."

"माहीत आहे मला." त्यांनी गॅस बारीक केला. "मीही ट्रेनिंगमध्येच होतो. पुढची जागा मिळेना, व्हिसा संपत आला. ही नोकरी मिळाली, घेतली. तेव्हा चार वर्षं होती. पत्र आलं त्या दिवशी नागपूरला आईने पेढे वाटले, मुलगा तिथे पक्का झाला म्हणून. लोकांनी विचारलं, म्हणजे कन्सल्टंट झाला का? ती हो म्हणाली. तिला फरक काय माहीत. मी तिला खोटं पाडलं नाही. पुढच्या वर्षी गेलो, तर कॉलेजने सत्कार ठेवला होता."

"मग हेमंतला ही नोकरी घेऊ नको का म्हणता?"

"ट्रेनिंग सोडलं की काय होतं, ते मला ठाऊक आहे, म्हणून. परत कुणी घेत नाही. मी अर्ज करत होतो. मग सोडून दिलं."

उत्तर पटण्यासारखं होतं. पण अर्ध्याच प्रश्नाचं होतं.

"आणि दोन वर्षांपूर्वीचा तो व्हिसा? त्यात ट्रेनिंग सोडावं लागत नव्हतं."

सरांनी पातेल्यात पळी फिरवली. मसाल्याचं तेल वर आलं होतं.

"व्हिसाचं बोलणं वाढलं असतं," ते म्हणाले, "तर त्याने विचारलं असतं, सर, तुमचा कोणता होता."

जेवायला आम्ही पाच जण बसलो. इरासाठी साधं वरण होतं. सरांनी सगळ्यांना वाढलं, स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि हात न लावता बसले.

"हेमंत, मी कन्सल्टंट नाही. कधीच नव्हतो. स्टाफ ग्रेड आहे, तुला देऊन राहिले तीच नोकरी. इनडेफिनिट तिच्यावरच मिळालं."

रूपालीचा इराला भरवणारा हात मधेच राहिला. हेमंत ताटाकडे पाहत होता.

"मला शंका होती, सर."

"होती?"

"तुम्ही रात्रपाळीला हॉस्पिटलमध्येच झोपता. कन्सल्टंट घरी झोपतात, फोन आला की येतात."

"मग विचारलं काऊन नाही?"

"तुम्हाला कसं विचारणार?"

इराने पाणी मागितलं, रूपालीने दिलं आणि ग्लास खाली ठेवत म्हणाली, "आता विचार."

हेमंतने घास ताटात ठेवला. मान वर केली आणि सरांच्या तोंडाकडे सरळ पाहिलं. नंतरचे प्रश्न त्याने, कँटीनमध्ये सांगितलं होतं तसे, पेशंटला विचारायच्या आवाजात विचारले. मऊ, घाई नसलेला, कुठल्याच उत्तरावर भरवसा नसलेला आवाज.

"वर्क परमिट कुणी काढलं, सर? हॉस्पिटलने?"

"हॉस्पिटलने."

"ट्रेनिंगला परत सोडतील, असं तेव्हा म्हणाले होते?"

"म्हणाले होते."

"लिहून दिलं होतं?"

"नाही."

"किती अर्ज केलेत परत?"

"बरेच."

"बरेच म्हणजे? सगळ्यांना तुमच्या कन्सल्टंटची शिफारस होती?"

"पहिल्या काहींना. मग मी मागणं बंद केलं. त्याला वाटलं असतं, मी त्याला सोडून जातो आहे."

हेमंतने इराच्या बशीतलं वरण पुसून काढलं, तिला काहीतरी विचारलं, आणि पुन्हा वळला. "म्हणजे जागा मिळत नव्हती, की तुम्ही मागत नव्हता?"

"शेवटी मागत नव्हतो," ते म्हणाले.

असं गोळाभात थंड होईपर्यंत चाललं. सरांनी एकदाही आवाज चढवला नाही. शेवटी हेमंतने विचारलं, की त्याच्या जागी सर असते तर त्यांनी काय केलं असतं.

"मी काय म्हणतो त्यावर आता जाऊ नको," सर म्हणाले. "उद्या त्यांना फोन कर. ट्रेनिंगसाठी सोडाल का, हे विचार. हो म्हणाले तर लिहून माग. मग ठरव." त्यांनी पातेलं पुढे ओढलं. "घे, रस्सा घे. काही खाल्लं नाहीस."

"सकाळपासून काही नाही, भूल देता येईल," रूपाली म्हणाली. हेमंत हसला, ते चार दिवसांत मी पहिल्यांदाच पाहिलं.

लंडनची गाडी नव्हती. रविवार असल्याने रुळांचं काम काढलं होतं आणि अर्ध्या वाटेपर्यंत बस होती. सर मला त्यांच्या गाडीतून बसच्या थांब्यापर्यंत घेऊन आले. वाटेत फक्त एकदा बोलले. "आई पेपर वाचते माझी. रोज." मी म्हटलं, लक्षात आहे. बसमध्ये हीटर चालत नव्हता. चालकाने त्याबद्दल माफी मागितली आणि वाट चुकला, त्याबद्दल मागितली नाही.

सरांनी सांगितलं ते सगळं खरं होतं का, हे तपासायची माझ्याकडे सोय नव्हती. हुद्दा तपासता येतो. दुसऱ्या माणसाचा हेतू स्विचबोर्डला विचारता येत नाही. तो विचारायचा माणूस हेमंत होता आणि त्याने विचारला होता. पुढचे दोन आठवडे मी आणखी गावांत फिरले, आणखी डॉक्टरांना भेटले. नियम बहुतेकांना पाठ होता. तो आपल्यावर कसा लागू होतो, हे मात्र प्रत्येकाने कुणातरी सरांकडून ऐकलेलं होतं.

परतीच्या विमानात बसण्याआधी रूपालीला फोन केला. रुग्णालयाने लिहून दिलं नव्हतं. हेमंतने नोकरी घेतली होती. "निदान ठाऊक असून घेतली," ती म्हणाली. "आणि नागपूरला त्याने बाबांना खरं सांगितलं. कन्सल्टंट नाही, होईन असंही नाही." मागे इरा समुद्राबद्दल काहीतरी विचारत होती.

पुण्याला लेख छापून आला. त्यात कॉव्हेंट्रीतल्या एका डॉक्टरचा उल्लेख होता, हुद्दा नव्हता. उपसंपादकाने विचारलं, कन्सल्टंट घालू का? मी नको म्हटलं.

त्याच आठवड्यात हेमंतच्या वडिलांचा नागपूरहून फोन आला. लेख त्यांनी वाचला होता. आवाजात राग नव्हता, संशय होता.

"मॅडम, तुम्ही पाहून आल्या, म्हणून विचारतो. पोरगा काहीतरी लपवून राहिला. म्हणतो, या नोकरीत कन्सल्टंट होता येत नाही. आणि घरोटेंचा विलास तर अशीच नोकरी करता करता झाला ना? मग याचंच का होत नाही? काही चूक केली का त्याने तिथे?"

"हेमंतने काही चूक केली नाही. तो सांगतो आहे ते खरं आहे."

"आणि विलासचं?"

"ते त्यांनाच विचारा."

"एवढा मोठा डॉक्टर," ते म्हणाले. "त्यांना कसं विचारणार?"

मी म्हटलं, ते हेमंतला विचारा. त्याला आता येतं.